गोळ्या का चुकतात? फॅमिली डॉक्टरांची उत्तरे

रक्तदाब आता १२०/८० येतो, त्रास काहीच नाही. गोळी बंद केली तर काय बिघडलं?

तो आकडा बहुधा गोळीमुळेच आलाय. ती सोडली की बहुतेकांचा रक्तदाब पुन्हा चढतो, आणि चढल्याचं कळत नाही. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडीन एकदम सोडणं तर धोक्याचं. वजन उतरलं असेल, मीठ कमी केलं असेल, तर डोस कमी होऊही शकतो. घरच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा आणि तसं स्पष्ट विचारा.

रक्तदाबाच्या नव्या गोळीने कोरडा खोकला लागला, म्हणून मीच ती सोडली. डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलं नाही.

आजच फोन करून सांगा. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी असा खोकला येतो, हे डॉक्टरांना माहीत असतं. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनने तो क्वचितच येतो, त्यामुळे गोळी बदलून काम भागतं. (ओठ किंवा चेहरा सुजला तर मात्र थेट रुग्णालय गाठा.)

न सांगण्याची मला जास्त काळजी वाटते. रक्तदाब वाढलेला दिसतो, औषध पुरत नाही असं समजून डॉक्टर आणखी एक गोळी जोडतात. पुढे कधी रुग्णालयात दाखल झालात आणि नर्सने कागदावरच्या सगळ्या गोळ्या वेळेवर दिल्या, की रक्तदाब धाडकन खाली येतो.

आईला दिवसाला नऊ गोळ्या आहेत, चार वेळांना. कधी विसरते, कधी दोनदा घेते.

चार वेळा सांभाळणं कुणालाही जड जाईल, आईला बोल लावू नका. घरातली सगळी औषधं, जुन्या पाकिटांसकट, पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असल्याचं अशा वेळी हमखास सापडतं. मग विचारा : यातली कुठली थांबवता येईल? दोन गोळ्यांची एक होईल का? वेळा कमी होतील का?

घरी तिला स्वतः एक गोळी काढायला सांगा आणि नुसतं बघा. दुखऱ्या बोटांनी पाकीट दाबता येतंय का, वरची बारीक अक्षरं दिसताहेत का? आठवड्याच्या खणांची डबी चांगली, पण काही गोळ्या पाकिटातच ठेवाव्या लागतात, ते औषधवाल्यांना विचारून घ्या. चुकलेला डोस भरून काढायला दुप्पट देऊ नका. साखरेचं किंवा रक्त पातळ करणारं औषध दोनदा गेलं, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. रुग्ण ‘हो, घेतो’ म्हणतात, पण पाकिटं भरलेलीच दिसतात. कसं विचारू?

‘नियमित घेता ना?’ असं विचारलं की समोरचा ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी म्हणा, ‘बऱ्याच जणांच्या गोळ्या चुकतात. गेल्या आठवड्यात तुमच्या किती चुकल्या?’ आणि मग गप्प राहा. ती शांतता अवघडल्यासारखी वाटते, पण खरं उत्तर त्यातूनच येतं. हे वाक्य खोटंही नाही : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३च्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात.

उत्तर आलं की उपदेश नको, कारण शोधा. पैसे संपले असतील, मूत्रपिंड बिघडेल अशी भीती असेल, रात्रपाळीमुळे वेळ जमत नसेल, घरच्यांना आजार कळू द्यायचा नसेल. भीती असलेल्याला डबी देऊन उपयोग नाही, आणि विसरणाऱ्याला भीतीवर भाषण देऊन नाही. एका भेटीत एकच अडचण सोडवा. शेवटी ‘घरी गेल्यावर कसं घ्याल, मला सांगा बरं’ असं म्हणा. आपलं समजावणं कुठे कमी पडलं ते तिथेच कळतं. आणि केसपेपरवर ‘ऐकत नाही’ असं कृपा करून लिहू नका, पुढचा प्रत्येक जण त्या रुग्णाकडे त्याच नजरेने बघतो.

कॅप्सूल घशात अडकते. उघडून घेऊ का?

विचारल्याशिवाय नको, काहींतलं औषध हळूहळू सुटेल असं बनवलेलं असतं. पाण्याचा घोट घ्या, हनुवटी छातीकडे झुकवा आणि गिळा. कॅप्सूल हलकी असल्याने तरंगत घशाकडे सरकते. साधं पाणी गिळतानाही ठसका लागत असेल, तर आधी तपासून घ्या.