नवा फोन घेतलास ना? मग हे आधी कर

बिल करताना काउंटरवर मोबाइल नंबर सांगितलास, हो ना? पुढच्या वेळी देऊ नकोस. म्हापशाच्या बाजारात चोणक मासा घेताना बाई नंबर विचारते का? ‘नंबराशिवाय बिल निघत नाही’ म्हणाले तर शांतपणे सांग, ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना ही सक्ती करू नका म्हणून बजावलंय. बहुतेक वेळा मग बिल निघतंच.

आता सेटिंग्ज उघड. टॉर्चच्या अ‍ॅपला तुझे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? परवानगी काढ. लोकेशन फक्त अ‍ॅप वापरताना. कंपनीने आधीच कोंबलेली काही अ‍ॅप्स निघतच नाहीत (पैसे आपण मोजायचे आणि हुकूम त्यांचा!), ती निदान डिसेबल कर.

आधारची झेरॉक्स मागेल त्याला देत सुटू नकोस. मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेव, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

जाहिरातींच्या फोनसाठी १९०९ वर डीएनडी (म्हणजे ‘मला त्रास देऊ नका’) नोंदव. कर्जवाले तरीही पिच्छा पुरवतील, ते नंबर ब्लॉक कर.

आणि ‘पहिला महिना फुकट’ घेतलंस तर यूपीआयमधला ऑटोपे (ठरलेल्या वेळी आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) तपास. अ‍ॅप काढून टाकलं तरी पैसे कापले जाऊ शकतात.