राजगड–तोरणा–रायगड ट्रेकला फर्स्ट एड आणि स्वच्छतेचं सामान कमी वजनात कसं न्यावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात चौघं मिळून राजगड–तोरणा–रायगड करताय, नेटवरच्या याद्या बघून औषधं आणि साबण-टॉवेलचं सामान जमवलं तर ते दीड किलोच्या वर गेलं आणि आता त्यातलं काय काढावं कळत नाहीये. माझं सरळ मत, अर्ध्याहून जास्त काढा. जे ठेवायचं ते पाय आणि पोट या दोघांच्या नावाने ठेवा, कारण या रूटवर माणूस अडून बसतो तो बहुतेक वेळा या दोघांपायीच. साप, विंचू, हाड मोडणं अशा मोठ्या गोष्टींना सॅकमधलं काहीच पुरत नाही, तिथे चार्ज असलेला फोन, थोडी माहिती आणि खाली न्यायला माणसं लागतात आणि या तिन्हींचं किटमध्ये वजन धरावं लागत नाही.

आधी पाय. संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याकडे जाणारी डोंगरसोंड आणि पुढे मोहरीहून बोराट्याच्या नाळेने (नाळ म्हणजे डोंगरातली दगडधोंड्यांची उतरती घळ) कोकणात उतरणं, या दोन्ही ठिकाणी बूट चावतो, विशेषतः नवीन असेल तर. यावर सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे साधी पांढरी चिकटपट्टी, मेडिकलमध्ये लुकोप्लास्ट म्हणून मागा. अख्खं रीळ नेऊ नका, दीड-दोन मीटर पट्टी जुन्या एटीएम कार्डाला गुंडाळून घ्या, कार्ड चपटं राहतं आणि पट्टीही चुरगळत नाही. टाचेला किंवा करंगळीला गरम गरम लागायला लागलं की तिथेच थांबायचं, "पुढच्या टप्प्यावर बघू" करायचं नाही, मोजा काढून पाय कोरडा पुसायचा आणि पट्टी लावायची. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा, चौकोनी कोपरा मोज्यात घासून तासाभरात उचलला जातो आणि मग तीच पट्टी गोळा होऊन टोचत बसते. फोड आलाच आणि लहान असला तर फोडू नका. मोठा असेल आणि त्याच्यावरच चालायचं असेल तर निर्जंतुक केलेल्या सुईने कडेला भोक पाडून पाणी काढायचं, वरची कातडी मात्र ओढून काढायची नाही, वरून बीटाडीन, गॉझ आणि पट्टी.

नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको, कारण जरा खोल कापलं गेलं तर बरं व्हायला वेळ मिळत नाही. आणि न कापता गेलात तर नाळ उतरताना अंगठा बुटाच्या पुढच्या भागावर आपटत राहतो, दुसऱ्या दिवशी नख काळं.

पाय मुरगळला तर १० सेंमी रुंदीचं क्रेप बँडेज. चौघांत दोन बस झाली, चार नकोत. बोटांच्या बाजूने सुरू करून आठच्या आकड्यासारखं घोट्याभोवती न्यायचं आणि बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडायचं, दोन सेकंदांत परत गुलाबी झालं नाही तर घट्ट झालंय, सैल करा. अजून चालायचंच असेल तर बूट काढून तासभर बसू नका, सूज आली की परत पाय आत जात नाही. व्होलिनीचा स्प्रे डबा घरी ठेवा, डबाच जड असतो, छोटी जेलची ट्यूब घ्या. तीसुद्धा बरी वाटते इतपतच, पाय त्याने सुधारत नाही.

पायात गोळे येणं हे मात्र बऱ्याचदा पाणी आणि मीठ कमी पडल्याचं असतं, म्हणजे आपण पोटाकडे आलो.

ओआरएसची पाकिटं माणशी दोन घ्या. एक लिटरचं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं, त्यात ग्लुकोज आणि क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात, म्हणून अख्खं पाकीट मोजून एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत अंदाजाने अर्धं ओतायचं नाही. फळांच्या चवीचे गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे, जुलाबात जास्त साखरेने उलट पाणी जास्त जातं. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघून घ्या.

जुलाब थांबवायची गोळी, म्हणजे लोपेरामाइड, दोन-चार ठेवा पण ती जीपमधून घरी परतताना कामाची, इलाज म्हणून नाही. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर अजिबात घ्यायची नाही. अँटिबायोटिक मात्र कुणा मित्राच्या सल्ल्याने नेऊ नका, न्यायचंच असेल तर आपल्या डॉक्टरांना ट्रेकचं सांगून लिहून घ्या, किती आणि कधी घ्यायचं ते चिठ्ठीवर पाहिजे.

पोट मुळात बिघडू नये म्हणून पाणी. गडावरच्या टाक्यातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ असेल तर आधी पंचाच्या दोन-तीन घड्यांतून गाळा, कारण गाळ असला की क्लोरीन त्याच्यातच खर्ची पडतं. गोळ्यांची स्ट्रिप काही ग्रॅमची, फिल्टरची बाटली पाव किलोपर्यंत जाते, त्यामुळे मी तरी गोळ्यांच्याच बाजूची. वास येतो खरा, लिंबू पिळा, पण अर्धा तास झाल्यावर, आधी नाही.

खरचटलं, कापलं तर लोक आधी डेटॉलकडे धावतात. जखमेला खरं हवं असतं ते भरपूर स्वच्छ पाणी, जोराने. त्यासाठी मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज घ्या, सुई नको, फक्त सिरिंज, पिण्याच्या पाण्याने भरायची आणि जखमेत पिचकारी मारायची, नाळेतली माती आणि बारीक खडी अशी निघते की बोळ्याने घासून निघणार नाही. नंतर बीटाडीनचं पातळ बोट, गॉझ, पट्टी. कापूस नेऊ नका, जखमेला त्याचे धागे चिकटतात. रक्त वाहत असेल तर गॉझ ठेवून तळहाताने दाबून धरायचं, दहा मिनिटं, मधेमधे उचलून "थांबलं का" बघायचं नाही. हळद, तंबाखू, चुना काही भरू नका, गावातला एखादा आजोबा प्रेमाने सांगेल, हो म्हणा आणि सोडून द्या.

गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल, सेट्रिझिन (अ‍ॅलर्जी-खाजेची गोळी), अँटासिड, एवढं. ज्याला दमा, बीपी, शुगर आहे त्याची औषधं त्याची त्याने आणायची आणि ती दोन जागी विभागून, एक सॅक दरीत गेली तर दुसरीत सापडली पाहिजेत. कॉम्बिफ्लाम वगैरेमध्ये आयबुप्रोफेन असतं, दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या माणसाला रिकाम्या पोटी ते देऊ नये, पॅरासिटामॉलवर भागवा. गोळ्या स्ट्रिपमधून सुट्या काढून डबीत टाकू नका, रात्री टॉर्चच्या उजेडात सगळ्या पांढऱ्या गोळ्या सारख्याच दिसतात. स्ट्रिप कापायची तर नाव आणि एक्सपायरी असलेलं टोक राखून कापा, उरलेल्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. कापलेल्या कडा झिपलॉकला भोक पाडतात, त्यांना जरा चिकटपट्टी लावा. बाकी चिमटा (काटा काढायला आणि गोचीड ओढायला), छोटी कात्री, दोन सेफ्टी पिना, एक जोडी हातमोजे. आणि आईने टाकलेली अमृतांजनची डबी, ती काढून ठेवलीत तर घरात वाद होईल, राहू द्या.

आता ज्याला किट पुरत नाही ते. साप चावला तर ब्लेडने कापणं, चोखणं, दोरीने करकचून बांधणं, तिन्ही बंद. अंगठी, घड्याळ, पैंजण लगेच काढा, हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा काठी आणि क्रेप बँडेजने हलणार नाही असा बांधा, माणसाला चालवू नका, उचलून न्या, वेळ लिहून ठेवा. सापाला मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही, आपल्याकडे मिळणारी लस (अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच असते. १०८ लावा. निघायच्या आधी वेल्हे आणि महाड दोन्हीकडच्या सरकारी रुग्णालयांचे नंबर सेव्ह करा, फोन करून लस आहे का विचारलं तर कोणी रागवत नाही. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या रेस्क्यू टीमचा हेल्पलाइन नंबरसुद्धा.

तुम्ही उतरणार ती बाजू लाल विंचवाचीही आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच भागात विंचूदंशावर प्राझोसिन वापरून उपचार उभा केला आणि कितीतरी जीव वाचले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते औषध बीपी बघत बघत डॉक्टरांनी द्यायचं असतं, ते किटमध्ये ठेवू नका. नुसतं दुखतंय तर पॅरासिटामॉल आणि धीर, पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं की वाट न बघता खाली. सकाळी बूट उलटे करून झटकणं हा सगळ्यात हलका उपाय.

आग्या मोहोळाचं म्हणाल तर किटमधून डिओ आणि परफ्यूम काढून टाका, वजनही वाचतं. वास, धूर आणि आरडाओरड यांनी माश्या उठतात. उठल्या तर तोंड झाकून पळायचं, नंतर काटे नखाने किंवा त्या एटीएम कार्डानेच पटापट खरवडायचे. सेट्रिझिन खाजेपुरतं. श्वास अडकायला लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर त्याला अ‍ॅड्रेनलिन इंजेक्शनच लागतं, तिथे गोळीवर विसंबू नका.

स्वच्छतेचं सामान याच्याहून कमी. टॉवेल नको, पंचा घ्या, तो गाळायला, पुसायला, डोक्याला बांधायला आणि वेळ पडली तर झोळी करून हात गळ्यात अडकवायला, आणि उन्हात पाऊण तासात वाळतो. साबणाची वडी नको, वडीचा बोटाएवढा तुकडा किंवा पेपर सोप. सॅनिटायझरची ५० मिलीची बाटली ठेवा पण मातीने माखलेल्या हातावर ते चालत नाही, जो स्वयंपाकाला बसेल त्याने साबणानेच हात धुवायचे, हा नियम आमच्या ग्रुपमध्ये भांडून लावावा लागला होता. पेस्टची सगळ्यात छोटी ट्यूब चौघांत एक. शाम्पू कशाला, तीन-चार दिवसांत काही होत नाही. अंडरवेअर आणि मोजे यांत मात्र कंजूषी नको, रात्री झोपायला एक कोरडी मोज्यांची जोडी वेगळी, ती चालताना वापरायचीच नाही. मांड्या घासून सोलवटतात त्यांनी व्हॅसलीनची छोटी डबी घ्यावी आणि सोलवटायच्या आधी सकाळीच लावावी. पावसाळ्यात गेलात तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तेव्हा क्लोट्रिमाझोलची पावडर, डिसेंबरात नाही लागणार.

टाक्याच्या पाण्यात हात, तोंड, भांडी काही धुवायचं नाही, बाटलीने पाणी काढून बाजूला जा. सकाळच्या कामाला पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, आणि टाक्याच्या वरच्या अंगाला तर कधीच बसू नका, पहिल्या पावसात ते सगळं धुऊन टाक्यातच येतं. एक हलकं खुरपं, वीतभर खोल खड्डा, वरून माती. गडावर कातळ असतो, माती सापडत नाही, थोडं शोधावं लागतं. वेट वाइप्स पुरू नका, त्यांत प्लास्टिकचा धागा असतो, कुजत नाही, वापरलेले परत आणायचे.

ग्रुपमध्ये मुली असतील तर तारीख असो वा नसो पॅड घ्याच, चढणीच्या दगदगीत पाळी पुढे-मागे होते. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत, वरून झिपलॉक, आत चमचाभर खायचा सोडा टाकला की वास येत नाही. गडावर जाळू नका, नीट जळत नाही. मेन्स्ट्रुअल कप वजनाला उत्तम पण पहिला प्रयोग ट्रेकवर करू नका, हात धुवायला पाणी लागतं आणि सवय लागते. पोटात दुखायची गोळी जी एरवी चालते तीच.

हे सगळं किचनच्या काट्यावर ठेवलं तर औषधांचं तीनशे ग्रॅमच्या आसपास आणि बाकीचं अडीचशेच्या, चौघांचं सामायिक. त्याशिवाय प्रत्येकाच्या खिशात थोडी चिकटपट्टी आणि एक ओआरएस, म्हणजे मागे राहिलेल्याला पुढे गेलेल्याची वाट बघायला नको. औषधांचं पाऊच सॅकच्या वरच्या झाकणात ठेवा, तळाला नाही, आणि ते नाळेत सगळ्यात शेवटी उतरणाऱ्याकडे द्या, कारण ज्याला लागतं तो बहुतेक त्याच्या पुढेच असतो, वर चढून परत यावं लागत नाही.