म्युटवाय (जीवाणूंमधलं डीएनए दुरुस्त करणारं एक एन्झाइम) खराब बेस सोडून चांगला ॲडेनिन (ए) का काढतो? जीवाणू ऑक्सिडेटिव्ह डॅमेजमधून होणारी म्युटेशन्स नक्की कशी थांबवतात?

पहिला प्रश्न वाचला आणि एमएस्सीच्या व्हायवातले एक्स्टर्नल डोळ्यांसमोर आले. "रिपेअर एन्झाइम धडधाकट बेस कशाला काढेल? जरा डोकं चालवा." मी म्हटलं, सर, ए कोणासमोर बसलाय ते बघा ना. तर म्हणे, उलट बोलू नका. मार्क गेले ते गेलेच.

डीएनएमध्ये ए समोर टी (थायमिन) आणि जी (ग्वानिन) समोर सी (सायटोसिन) बसतो. ऑक्सिडेशनमुळे ग्वानिनचा 8-ऑक्सोग्वानिन, म्हणजे खराब जी, झाला की तो सी सोडून ए शीही जोडी जमवतो. समोर सी आहे तोवर म्युटएम (दुसरं रिपेअर एन्झाइम) खराब बेस कापतो, सी बघून नवा जी भरला जातो, विषय संपला. पण त्याआधीच रेप्लिकेशन (डीएनएची नक्कल) उरकलं आणि समोर ए येऊन बसला, तर? आता खराब जी काढाल तर पॉलिमरेज (नवे बेस जोडणारं एन्झाइम) ए बघून टी भरणार. जी:सी चं टी:ए झालं, कायमचं. म्हणून म्युटवाय आधी ए काढतो, सी ला पुन्हा संधी मिळते आणि मग म्युटएम आपलं काम करतो. यात न पटण्यासारखं काय आहे?

माझ्या डेझर्टेशनमध्ये तर प्लेटचे फोटोच होते. ई. कोलायचं रात्रभर वाढवलेलं कल्चर रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर पसरायचं. हे औषध ज्या प्रोटीनला धरतं त्याच्या आरपीओबी जीनमध्ये सोयीचं म्युटेशन झालेल्या पेशीच तगतात. साध्या स्ट्रेनच्या कॉलनी बोटांवर मोजण्याइतक्या. म्युटएम-म्युटवाय दोन्ही नसलेल्या स्ट्रेनच्या इतक्या दाट, की डायल्यूट केल्याशिवाय मोजताच येईनात. एक्स्टर्नल साहेब म्हणाले, कंटॅमिनेशन. अहो, त्याच बॅचच्या, काहीच न पसरलेल्या कोऱ्या प्लेट स्वच्छ होत्या!

तुम्हाला व्हायवात कोणी हे विचारलं तर मान डोलावू नका. सरळ फळ्यावर दोन्ही स्ट्रँड काढा.

हां, म्युटवाय दर वेळी बरोबरच असतो असंही नाही. सुटा 8-ऑक्सो-डीजीटीपी (डीएनएत जोडला जाण्याआधीच खराब झालेला जी चा न्यूक्लिओटाइड) ए समोर घुसला तर मूळचा ए च खरा असतो. तो काढला की ए:टी चं सी:जी पक्कं. म्हणून म्युटटी हे तिसरं एन्झाइम तो न्यूक्लिओटाइड आधीच मोडून मोनोफॉस्फेट करून टाकतं, म्हणजे तो डीएनएत घुसूच शकत नाही. डॅमेज होण्याआधीच ऑक्सिडंट मोडणारी कॅटालेज, डिसम्युटेज वगैरे एन्झाइम्स पुस्तकात बघा.

मायकेल्स आणि मिलर यांनी हे त्रिकूट 'जीओ सिस्टिम' म्हणून 1992 मध्ये मांडलं. माणसात म्युटवायएच (म्युटवायचाच मानवी भाऊ) जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर मोठ्या आतड्यात पॉलिप्स होतात आणि कॅन्सरचा धोका बराच वाढतो, हे 2002 मध्ये छापून आलं. आमची व्हायवा त्यानंतरची.