मॉडेल कुठे चुकलं, हे शोधणाऱ्या मुलीसाठी

ऐरोलीहून एका आईंनी लिहिलंय: "मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स घेऊन. हवेतलं प्रदूषण कुठून कुठे जातं ते सांगणारी कॉम्प्युटर मॉडेलं प्रत्यक्ष मोजमापाशी जुळतात का, हे तपासायचं काम करायचं म्हणते. घरात सगळे म्हणतात, आयटीत जा. यात पोट भरेल का?"

ताई, भरेल, पण उशिरा. पगाराचं पुढे लिहिते, आधी कामाबद्दल.

१९८६ साली चेर्नोबिलचा किरणोत्सर्ग युरोपभर पसरला. तो कुठे जाईल हे सांगणारी मॉडेलं होती, पण नेमकं किती बाहेर पडलं हेच पक्कं माहीत नसेल, तर चूक मॉडेलची की आकड्याची हे कसं ठरवणार? म्हणून २३ ऑक्टोबर १९९४ ला फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून एक निरुपद्रवी वायू मुद्दाम सोडला गेला. बारा तासांत ३४० किलो. सतरा देशांतल्या १६८ केंद्रांवर हवेचे नमुने घेतले. किती, कुठून, कधी, सगळं ठाऊक, त्यामुळे मॉडेलला पळवाट उरली नाही. नोव्हेंबरात वेगळ्या हवामानात हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा मॉडेलं जास्त चुकली. एकदा उत्तर जुळलं म्हणून निर्धास्त होता येत नाही, हे मला त्या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुमच्या दारात तर हे आणखी अवघड. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. दुपारी खारे वारे, रात्री मतलई वारे. तीन-तीन किलोमीटरच्या चौकोनांत हवा मांडणाऱ्या मॉडेलमध्ये डोंगर निम्मा सपाट होतो. खारा वारा मॉडेलमध्ये तासभर उशिरा आला, की धूर भलत्याच बाजूला दिसतो: पाहिजे तिथे नाही आणि नको तिथे आहे, म्हणजे एकाच चुकीला दोनदा मार. आणि महिन्याची सरासरी काढावी, तर ती छान जुळलेली! शिवाय केंद्राचं यंत्र एका जागची हवा मोजतं, मॉडेल अख्ख्या चौकोनाची सरासरी देतं. सरासरी जुळली की समाधान होणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

मुलगी त्यातली आहे का, हे महिनाभरात कळेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर ऐरोली, महापे, नेरूळ इथल्या केंद्रांचे आकडे फुकट मिळतात. त्यात रिकाम्या जागा असतात, कधी एकच आकडा तासन्‌तास अडकलेला असतो. ते तिला साफ करू दे. हायस्प्लिट हे अमेरिकी मॉडेल ब्राउझरवर चालतं. त्यात हवा कुठून आली ती रेघ काढून आकड्यांशी ताडून पाहू दे. आकडे साफ करून हात दुखले तरी "असं का?" विचारत असेल, तर तिला अडवू नका.

पुढची वाट: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे, आयआयटीसाठी जॅम परीक्षा. मग पीएच.डी.; 'सफर' ही हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी यंत्रणा उभारणारी पुण्याची आयआयटीएम ही हवामान-संशोधन संस्था तर जवळच आहे. नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं. त्यानंतर बहुधा कंत्राटी प्रकल्प. कायमच्या जागा थोड्या, आणि त्या मिळेपर्यंत तिशी उलटू शकते. पर्यावरण मंजुरीचे अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांतही काम असतं, पण तिथे मॉडेल चालवायला जितका वेळ देतात तितका ते तपासायला देत नाहीत, असं माझं मत आहे. तिला तपासायचंय, म्हणून तो पर्याय मी दुसरा ठेवीन.

आयटीचं दार बंद होत नाही. पायथॉन, लिनक्स, संख्याशास्त्र हे इथे रोजचंच. घरच्यांना एवढंच सांगा, की ती अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत पगाराची तुलना चुलत भावंडांशी करायची नाही.

आणि हो, या महिनाभरात रोज दुपारी दोन आणि रात्री दहाला गच्चीवर उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते वहीत टिपायला सांगा. ती वही घेऊन माझ्याकडे या, पुढचं तिच्याशीच बोलेन.