विद्युत शाखा आणि विजेचे बदलते गणित

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बारावीनंतर विद्युत अभियांत्रिकीला जाऊ इच्छिते. परंतु कोळशाची केंद्रे बंद होणार आणि सौर पॅनल एकदा बसवले की मनुष्यबळ लागत नाही, तेव्हा तिने संगणक शाखाच घ्यावी, असे आपण कोथरूडहून कळवले आहे.

२०२५च्या मध्यात देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची (सौर, पवन, जल, अणू अशा, कोळसा-वायू न जाळणाऱ्या) झाली, ही बातमी खरी आहे. मात्र क्षमता आणि निर्मिती यांत फार अंतर असते. पुण्यात एक किलोवॅटचे सौर पॅनल दिवसाला सरासरी चारेक युनिट देते, तर कोळशाच्या केंद्रातील तेवढीच क्षमता पंधरा-सोळा युनिट देते. म्हणूनच आजही देशातील सुमारे ७० टक्के वीज कोळशापासून तयार होते आणि २०२४-२५मध्ये कोळशाचे उत्पादन १०० कोटी टनांपलीकडे गेले. शिवाय मागणीही वाढतेच आहे: ३० मे २०२४ रोजी ती २,५०,००० मेगावॅटवर पोहोचली होती.

खरी अडचण सायंकाळी सुरू होते. सूर्य मावळतो आणि त्याच सुमारास घरोघरी दिवे, पंखे, एसी चालू होतात. ही दरी भरून काढायला कोयनेसारखे जलविद्युत प्रकल्प कामी येतात. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात तर वीज मुबलक असताना पाणी वरच्या धरणात चढवून ठेवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅट वीज मिळवतात. साठवणूक, ग्रिडचे (वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याचे) संचालन, मागणीचा अंदाज, वितरण या कामांना जाणकार माणसे लागणार आहेत आणि, माझ्या मते, विद्युत शाखेचे भवितव्य पॅनल बसवण्यापेक्षा याच कामांत आहे.

सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमध्ये बहुधा जास्त मिळेल, हे मान्य करायला हवे. परंतु आवड असेल, तर तिने विद्युत शाखा घ्यावी, पॉवर सिस्टिम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे विषय पक्के करावेत आणि जोडीला प्रोग्रामिंग शिकावे. पंधरा दिवसांच्या ‘सोलर’ प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नयेत. ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा पदवी आणि अनुभवानंतर देता येते, तिची घाई नको.

प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी, गच्चीवर पॅनल असलेल्या एखाद्या सोसायटीचे महावितरणचे बिल तिच्यापुढे ठेवावे. ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली युनिट त्यात वेगवेगळी छापलेली असतात. पॅनल असूनही सोसायटी वीज विकत का घेते, हे तिने आपल्याला समजावून सांगावे.