बीएएमएस हुकलं, आता कोळंबीकडे?

नमस्कार,

तुम्ही विक्रोळीहून लिहिलंत की मुलीला बीएएमएसपुरते नीटचे मार्क मिळाले नाहीत आणि आता ती वनौषधींनी कोळंबीचे रोग आटोक्यात आणण्याबद्दल बोलतेय. हा चार दिवसांचा नाद तर नाही ना, ही तुमची काळजी.

विषय दमदार आहे. कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत, त्यामुळे नेहमीची लस तिथे चालत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू तळ्यात शिरला की काही दिवसांत अख्खं पीक हातचं जातं. प्रतिजैविकांचा विषाणूवर उपयोग नाही, वर त्यांचे अंश सापडले की निर्यातीचा माल नाकारला जातो. म्हणून खाद्यातून वनस्पतींचे अर्क देऊन पाहतात. गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या अर्काचे टायगर कोळंबीवर याच विषाणूविरुद्ध प्रयोग झालेत आणि प्रयोगशाळेत ते आशादायक ठरलेत.

मात्र झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हा समज तिने आधी सोडावा. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन किडींच्या कात टाकण्यात अडथळा आणतं, आणि कोळंबीही कात टाकतच वाढते! मात्रा ठरवणं हेच मोठं काम. शिवाय एकाच झाडाचा अर्क ऋतूप्रमाणे बदलतो, खाद्याला लावलेला पाण्यात धुऊन जातो. रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं लागेल.

त्यामुळे ‘हर्बल’ नावाच्या छोट्या कोर्सवर पैसे घालू नका. तिला चार वर्षांचं बीएफएससी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, करू द्या. रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला, उदगीरला महाविद्यालयं आहेत. पुढे एमएफएससीला जलचरांचं आरोग्य किंवा मत्स्यपोषण घेता येईल. त्यासाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तुम्हाला घाटकोपरहून मेट्रोने गाठता येण्यासारखी. प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून होतो. अर्कांवरचं संशोधन तिथे सुरू करावं, आधी नाही.

नोकऱ्या हॅचरीत (कोळंबीची पिल्लं तयार करतात तिथे), खाद्य कंपन्यांत, रोगनिदान प्रयोगशाळांत. बऱ्याचशा आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर. मुलगी मुंबईतच राहावी असं वाटत असेल, तर ते आत्ताच तिच्याशी मोकळेपणाने बोला.

अर्ज भरण्याआधी ओळखीतून पालघर किंवा रायगडमधल्या एखाद्या कोळंबी तळ्यावर तिला आठवडाभर पाठवा. पहाटे चेक ट्रे, म्हणजे खाद्य तपासायला तळ्यात सोडलेली थाळी, उचलून खाद्य किती उरलंय, पाठीतून दिसणारं आतडं भरलेलं आहे की रिकामं, हे तिला स्वतः पाहू द्या. नीट पुन्हा द्यायची का, ते ती परतल्यावर ठरवा.