अ‍ॅलर्जी असताना कुत्र्याची जात निवडताना

पूडल घेतला की शिंका थांबतील, असे विक्रेत्याने सांगितले असेल तर तेवढ्यावर विसंबून विसार देऊ नका. ही अ‍ॅलर्जी केसांमुळे नव्हे, तर कुत्र्याची लाळ, त्वचेचा कोंडा आणि मूत्र यांतील प्रथिनांमुळे होते. ती प्रत्येक जातीत असतात आणि ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांतील धूळ तपासली, तेव्हा तेथेही त्यांचे प्रमाण कमी आढळले नाही. पूडलचे केस कमी गळतात, एवढेच खरे.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यातील धुळीनेही नाक वाहते, म्हणून आधी डॉक्टरांकडून त्वचेची चाचणी करून दोष कुत्र्याचाच आहे का, हे ठरवा. दमा असेल तर त्यांच्या संमतीशिवाय पुढे जाऊच नका.

त्यानंतर जो कुत्रा घ्यायचा आहे, त्याच्याजवळ बंद खोलीत, वेगवेगळ्या दिवशी तासभर बसा आणि त्याला हात चाटू द्या, कारण एकाच जातीच्या दोन कुत्र्यांचा त्रासही सारखा नसतो.

नवख्यांच्या दोन चुका नेहमीच्या आहेत:

- कुत्र्याचे केस पार भादरणे. कोंडा तसाच राहतो आणि मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की कातडी मात्र भाजते.
- ‘आजच्यापुरते’ म्हणून पहिल्याच रात्री त्याला अंथरुणात घेणे. झोपण्याची खोली त्याला पहिल्या दिवसापासून बंदच हवी.

पूडलचे केस दर दीड-दोन महिन्यांनी कापून घ्यावे लागतात, आणि तालुक्याच्या गावी ही सोय सहसा नसते. आपला गावठी कुत्रा आखूड केसांचा आणि उन्हाला सरावलेला असतो, त्यामुळे त्याच्याजवळ बसून त्रास झाला नाही, तर माझी पसंती त्यालाच राहील.